वैद्याचं काम

एका गाजलेल्या रहस्यकादंबरीवरचं नाटक १९५४ साली कुंभकोणमला लागलं. दवाखान्यातले कंपाउंडर व्यंकोबा त्यात औषधातून विष देणारा वैद्य झाले. नाटक पाहिलेले लोक रस्त्यात त्यांना शिव्या देत, आणि व्यंकोबांना ती दादच वाटे.

एके सकाळी शेजारची अलमेलू तापाने फणफणलेली लेक घेऊन दवाखान्यात आली. व्यंकोबांनी औषधाची बाटली पुढे करताच ती मागे सरली.

“अण्णा, तुमच्या हातचं नको.”

“अलमेलू, ते नाटक होतं गं!”

“ठाऊक आहे. तरी नको.”

ती पापनाशमच्या डॉक्टरांकडे निघाली. पोरीने आगगाडीतच प्राण सोडला.

व्यंकोबांनी त्या दिवसापासून नाटक सोडलं. नाटक कंपनीने दुसरा वैद्य उभा केला, आणि प्रयोगांना पूर्वीइतकीच गर्दी होत राहिली.