येथे बसू नये

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती खुर्ची मी नव्हे. तिला गादी असते, ती गोल फिरते, आणि तिच्यावर एकदा बसलेला माणूस सहजी उठत नाही. मी प्लास्टिकची. पूर्वी निळी होते, आता कुठल्या रंगाची आहे ते मलाही सांगता येणार नाही. मला हात नाहीत. त्यामुळे अंगाशी आलं की हात वर करायची सोयही नाही. ती सोय असलेली मंडळी पुढे भेटतीलच, जरा दम धरा.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं, साचा उघडला, आणि मी बाहेर. ना लाड, ना कौतुक. मागचा डावा पाय जरा आखूड निघाला. तपासणाऱ्याने मला हलवून पाहिलं, "चालतंय की!" म्हणाला आणि ढिगात ढकललं. तेव्हापासून कोणी बसून जरा हललं की मी टक् करून वाजते. चारचौघांत फार लाज वाटते हो.

ढिगातून मी एका शाळेत आले, मोठ्या मुलांच्या वर्गात, टेबलामागे. वर्गाच्या बाई भूगोल शिकवायच्या. मला वाटलं, चला, बाईंची खुर्ची झाले, आता ऐट! कसली ऐट? बाई कधी बसायच्याच नाहीत. वारे कसे वाहतात हे सांगताना त्या स्वतःच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाहायच्या. मुख्याध्यापिका म्हणायच्या, "अहो, बसा की घटकाभर." बाई म्हणायच्या, "बसायचंच असतं तर घरी बसले असते!" माझ्या पाठीवर त्यांची पर्स लटकायची. म्हणजे मी खुर्ची कमी आणि खुंटी जास्त.

मग ती साथ आली. शाळा बंद झाली आणि माझ्यावर धूळ बसली. तेवढंच कोणीतरी बसलं म्हणायचं. साथ अजून सरली नव्हती तोच आदेश आला, परीक्षा वर्गातच घ्यायची. आदेश वरून आला असं सगळे म्हणत. वर म्हणजे नेमकं कुठे, ते आजतागायत कोणाला सापडलेलं नाही.

शिपाईकाकांनी वर्गात खुर्च्या मांडल्या, मलाही टेबलामागून ओढून रांगेत लावलं आणि एकाआड एक खुर्चीच्या पाठीवर लाल फुलीचं स्टिकर चिकटवलं. खाली अक्षरं, 'येथे बसू नये'. माझ्याही पाठीवर बसली फुली. अहो, मी इतकी शेफारले म्हणून सांगू! बाकीच्यांनी मुलांची वजनं पेलायची आणि मी नुसतं रिकामं राहून साथीशी लढायचं. काही न करण्याची नेमणूक, आणि त्याची वर लाल पाटी. साहेबांना तरी याहून वेगळं काय मिळतं?

साहेब आलेच. शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी. त्यांनी टेप लावून माझ्या अलीकडचं आणि पलीकडचं अंतर मोजलं, मान डोलावली, माझा फोटो काढला. मी जमेल तेवढी ताठ उभी राहिले. आखूड पाय फोटोत दिसू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना केली.

बाईंची त्या दिवशी परीक्षेवर ड्यूटी होती. त्यांनी सकाळीच येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं.

"या खिडक्या उघड्या कशा?"

"हवा खेळती राहू दे, साहेब. आजार हवेतून पसरतोय म्हणतात."

"आणि बाहेरून कॉप्या आल्या तर? परीक्षेला खिडक्या बंद. नियम आहे."

"पण साहेब, मुलं खोकतायत..."

"बाई, अंतर ठेवलंय ना? मग झालं तर."

साहेबांनी स्वतः जाऊन खिडक्या ओढून घेतल्या, कड्या लावल्या. माझ्या शेजारच्या मुलीला खोकल्याची उबळ येत होती. मी मध्ये छाती काढून उभी. वाटलं, आपण असताना काय बिशाद आजाराची! हवा माझ्या डोक्यावरून निवांत पलीकडे जात होती आणि मला पत्ताच नव्हता. हसा, हसा. मीही हसते अधूनमधून.

त्या परीक्षेनंतर वर्गातली निम्मी मुलं आजारी पडली. बाईही पडल्या. मुलं बरी होऊन खेळायला लागली. बाई परत आल्या त्या वेगळ्याच. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की भिंतीचा आधार घ्यायच्या. मुलांची नावं आठवेनात. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट तर सगळे चांगले आहेत. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली, "काही नाही हो, मनाचे खेळ."

आणि एके दिवशी शिकवता शिकवता बाई माझ्यावर बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! ज्या क्षणाची मी आयुष्यभर वाट पाहिली तो आला, आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं. वर्ग चिडीचूप. फक्त मी वाजत होते, टक्, टक्, कारण बाई थरथरत होत्या.

खात्याने त्यांना घरी बसवलं. उभं राहून शिकवता येत नसेल तर नोकरी जाणार, असं सांगितलं. ड्यूटीवर झालेला आजार म्हणून मानलं तर बसून शिकवता येईल, पण तसं मानायला खातं तयार नव्हतं. बाईंना दुसरं काही नको होतं. वर्ग हवा होता, आणि 'हे आमच्यामुळे झालं' असं एकदा कोणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं.

बाईंचा नवरा शिंपी. शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा त्याने मला मागून घेतलं आणि घराच्या जिन्यात, मधल्या मजल्यावर ठेवलं. बाई तिथे बसून दम खायच्या आणि मग उरलेल्या पायऱ्या चढायच्या. शेजारीण म्हणायची, "बाईंनी जिन्यात दरबार भरवलाय!" बाई हसायच्या. नवरा नाही हसायचा.

मग सरकारने चौकशी समिती नेमली. साथीच्या काळात काय चुकलं, कोणाचं चुकलं. बाईंना साक्षीला बोलावणं आलं. नवऱ्याने मला काखेत मारलं आणि निघालो आम्ही तिघं. अर्ध्या वाटेवर बाई दोनदा माझ्यावर बसल्या, भर रस्त्यात. येणारे-जाणारे बघत होते. मी तर आधीच बदनाम, मला काय!

दारावर पहारेकऱ्याने अडवलं. "खुर्ची आत न्यायची नाही. साक्ष उभ्याने द्यायची असते."

"अहो दादा, तिला उभं राहवत नाही," नवरा म्हणाला.

"नियम आहे."

बाई दारातच माझ्यावर बसल्या. "मग मी इथूनच बोलते. त्यांना म्हणावं, कान द्या."

समितीच्या अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई. त्यांनी आतून पाहिलं आणि म्हणाल्या, "येऊ द्या. खुर्चीसकट."

आत साहेबांची साक्ष चालू होती. "आम्ही कुठेही हयगय केलेली नाही. एकाआड एक खुर्ची रिकामी ठेवली. हा फोटो पाहा." फोटोत कोण? मीच! माझं आयुष्यातलं पहिलं छायाचित्र, आणि तेही आरोपीच्या बाजूने.

"आणि खिडक्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

"तो परीक्षा मंडळाचा नियम."

मंडळाचे गृहस्थ उठले. "आजाराचं आरोग्य खात्याने बघायचं."

आरोग्य खात्याचे उठले. "आम्ही कळवलं होतं, शक्यतो हवा खेळती ठेवावी."

"शक्यतो म्हणजे?"

"म्हणजे... शक्य असल्यास."

सगळ्यांचे हात वर. मोजून बघा म्हटलं तर मलाच तेवढे नव्हते.

मग बाईंची पाळी आली. त्यांनी मला माईकपाशी ठेवायला लावलं आणि बसल्या. सुरुवात छान झाली. मग मध्येच शब्द अडला.

"मी सकाळी आल्याबरोबर सगळ्या... सगळ्या त्या उघडल्या होत्या..."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली.

"त्या हो... भिंतीत असतात... ज्यातून हवा येते..." बाईंनी हात हवेत फिरवला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या मुलांना वारे शिकवले, त्यांना तो एवढासा शब्द सापडेना. नवऱ्याने मान खाली घातली. कोणी हसलं नाही. मी मात्र, माझी मेलीची खोड, टक् टक् वाजत होते.

न राहवून साहेबच पुटपुटले, "खिडक्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हो, खिडक्या. ज्या तुम्ही बंद केल्यात."

न्यायाधीशांनी साहेबांना विचारलं, "केल्यात का? हो की नाही?"

"हो, पण नियम..."

"नियमाचं नंतर. आधी 'हो' लिहून घ्या."

घरी येताना बाई माझ्यावर बसल्या, डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, म्हणाला की नाही तो?"

"म्हणाला गं," नवरा म्हणाला, आणि तोही रडला.

समितीचा अहवाल अजून आलेला नाही. बाईंचा वर्ग अजून दुसऱ्याच कोणाकडे आहे. मी पुन्हा जिन्यात आहे. फुली काढायला नवरा खरवडायला बसला होता, बाई म्हणाल्या, "राहू द्या. अहवाल येईपर्यंत तिची साक्ष संपलेली नाही." म्हणजे बघा, या वयात मला पुन्हा नेमणूक मिळाली.

एक मागणं आहे. तुमच्याही शाळेत, कचेरीत, दवाखान्यात अशी फुलीवाली एखादी पडून असेल. तिला टाकू नका. जिना चढून धापा टाकत कोणी आलं, आणि त्याचे रिपोर्ट सगळे चांगले असले, तरी त्याला तिच्यावर बसवा. काय झालं म्हणून विचारा आणि तो सांगेल ते खरं माना.

आणि हो, तो बसायच्या आधी तेवढी खिडकी उघडा.