मोरपंखी रंगाचे तीन हात

साड्या पलंगावर चादरीत बांधून ठेवलेल्या दिसल्या, तेव्हा दीपमालाला आधी वाटलं, कपाटात उंदीर शिरला असणार. हातातला जेवणाचा डबा तसाच धरून ती आतल्या खोलीत गेली. खिडकीशेजारची भिंत मोकळी होती. कपाट उभं असायचं तिथल्या फरशीवर चार पायांचे चार लख्ख चौकोन तेवढे उरले होते आणि मधल्या जागेत धूळ.

जयराज बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसला होता.

"कपाट कुठं हाय?"

"गेलं गावाला. नानासोदादाचा टेम्पो आलता सकाळी." त्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही. "शिवांजलीच्या लग्नात कपाट आपल्याकडनं द्यायचं ठरलंय न्हवं?"

"नवं घेऊन द्यायचं ठरलं हुतं."

"नवंच दिसतंय की ते. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुला कळून काय करायचंय? तुझ्या हातात कला हाय, दुसरं रंगव." हे बोलताना मात्र त्यानं तिच्याकडे बघितलं. आपण बायकोचं कौतुक केलं, असंच त्याला वाटत असावं.

दीपमालानं डबा मोरीत ठेवला. मग पलंगावर बसून चादरीची गाठ सोडली. साड्या घाईघाईनं कोंबलेल्या होत्या. घड्या मोडल्या होत्या. अंकिताच्या बारशाची साडी आणि भांडी पुसायचं जुनेर एकाच घडीत गेलं होतं.

जयराज फौजेत हवालदार होता. चोवीस वर्षांत त्यांनी नऊ गावं बदलली. क्वार्टरमधला पलंग सरकारी, टेबल सरकारी, खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेला. दीपमालाच्या साड्या काळ्या लोखंडी ट्रंकेत राहायच्या आणि ट्रंकेवर जयराजचं नाव असायचं. बदली आली की ट्रंक उचलायची नि निघायचं. निवृत्तीनंतर कुपवाडला दोन खोल्या बांधल्या, तेव्हा घर झालं पण घरात ठेवायला काही नव्हतं. जयराज एका कारखान्याच्या गेटवर ड्युटीला लागला, दीपमाला कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा निवडायला जाऊ लागली आणि मुलगी अंकिता नर्सिंग शिकायला पुण्याला गेली.

कामावरून येताना वाटेत यासीनचं जुन्या सामानाचं दुकान लागायचं. तिथून तिनं आधी एक स्टूल आणलं. नुसतं घासून रंगवायचं म्हणून. घासता घासता तिला त्याचा नादच लागला. कोणत्या नंबरचा पॉलिश पेपर कधी वापरायचा, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी कशी भरायची, प्रायमर वाळल्याशिवाय रंगाला घाई का करायची नाही, हे ती कधी यासीनला, कधी रंगाच्या दुकानदाराला, कधी अंकिताच्या मोबाईलला विचारून शिकली. स्टुलानंतर दोन खुर्च्या झाल्या, मग एक चहाचं टेबल. शेजारच्या बायका आपापले पाट नि देवघरं घेऊन यायला लागल्या.

ते कपाट यासीनच्या गोडाऊनमागं उन्हात आडवं पडलं होतं. वरचा हिरवा रंग सुटून त्याखालचा तपकिरी दिसत होता आणि त्याच्याही खाली आणखी कुठला तरी.

"ताई, ते नका घेऊ," यासीन म्हणाला. "जळणाला काढलंय मी ते."

दीपमालानं नखानं कोपरा खरवडला, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "टेम्पोत घाल."

दिवाळीला आणलेलं कपाट गुढीपाडव्याला उभं राहिलं. मधले सगळे सुट्टीचे दिवस ती पुढच्या ओट्यावर डोक्याला फडकं बांधून बसायची. दिवाळीत थोरल्या दिराची, नानासोची शिवांजली आठ दिवस राहायला आली होती, तिनं हौसेनं खालचा कप्पा घासून दिला. बारीक चणीची, चुलतीच्या मागंमागं करणारी पोर. तीन थर निघाले तेव्हा आतून सागवान आलं. जुन्या कुलपाचं भोक मोठं झालं होतं, ते तिनं लांबीनं बुजवलं आणि कडी वर नव्या जागी घेतली. रंगाचा दुकानदार म्हणाला, कपाटाला तपकिरीच शोभतो. ती म्हणाली, मला मोरपंखी दे. मोरपंखीचे तीन हात दिले. आणि आतून दिला पिवळा, शेवंतीसारखा.

"आतनं कोण बघतंय?" जयराजनं विचारलं होतं.

"मी."

आता ते टेम्पोत दोरीनं बांधून कवठे महांकाळच्या रस्त्यानं गेलं होतं.

रात्री जेवताना तिनं एकदाच विचारलं, "मला इचारलं का न्हाई?"

"इचारलं असतं तर दिलं असतंस का?"

"न्हाई."

"मग?" जयराज म्हणाला आणि भाकरी मोडली.

लग्न कवठे महांकाळच्या कार्यालयात झालं. स्टेजच्या बाजूला द्यायचं सामान मांडलं होतं. पितळेची भांडी, गादी, मिक्सर आणि मधोमध कपाट. त्याला लाल रिबन बांधली होती आणि दारावरच्या आरशावर कागद चिकटवला होता, 'चुलते हवालदार जयराज यांच्याकडून सप्रेम भेट'. दीपमाला पाण्याचा ग्लास हातात घेऊन जरा लांबच उभी राहिली. चिकटपट्टी आरशाच्या चौकटीवर, थेट रंगावर लावलेली होती. काढताना रंगाचा पापुद्रा निघणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

नवरदेवाची आई लोणंदची. जाडजूड हसतमुख बाई. तिनं कपाटावर हात फिरवला.

"कुठनं घेतलं ओ पावणं?"

"सांगलीच्या शोरूममधनं," जयराज म्हणाला.

विहीणबाईंनी दार उघडलं. "अगं बया! आतनंबी रंग! काय एकेक करत्यात आजकाल कंपनीवाले."

चारचौघी बायका वाकून बघायला लागल्या. दीपमालाला वाईट वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटलं आणि त्याचाच तिला मग राग आला.

ओटी भरताना शिवांजली तिच्या कानाशी लागली. "काकी, तुमचं कपाट हाय ते. मी नको म्हणलं हुतं पप्पांना. खरंच."

"असू दे," दीपमाला म्हणाली. "ओल्या फडक्यानं पुसू नको. कोरडंच वापर." मुंडावळ्यांच्या आड पोरीचे डोळे भरले होते. तेवढ्यापुरतं तरी दीपमालानं ते कपाट आपल्या हातानं दिलं.

पावसाळ्यात कपाटाचं दार फुगून बसायला लागलं. साधी गोष्ट होती. रंधा फिरवला असता तर भागलं असतं. लोणंदच्या लोकांनी सुतार बोलावला. त्यानं दार उतरवलं, कडेला पटाशी लावली आणि बुजवलेलं कुलपाचं भोक शोधून काढलं.

"हे नवं न्हाई," सुतार म्हणाला. "चाळीस-पन्नास वर्षांचं तरी असंल. वरनं रंग मारलाय."

त्या दिवसापासून शिवांजलीला घरात हाक मारायची ती 'भंगारवाल्यांची' म्हणून. कपाट पडवीत काढलं. आल्या-गेल्याला ते दाखवलं जाऊ लागलं. विहीणबाईंनी हसत हसतच सुरू केलं असावं. चेष्टेचं रोजचं बोलणं झालं नि बोलण्यातून अबोला आला. शिवांजलीचे फोन आधी कमी झाले, मग थांबले.

एका दुपारी नानासो कुपवाडला आला. जयराजचा थोरला भाऊ, गावात मान असलेला माणूस. पाणीही न घेता तो दीपमालाकडे वळला.

"दीपमाला, तुझ्या हौसंपायी माझ्या पोरीच्या संसाराचं मातेरं झालं बघ. जुनं द्यायचं हुतं तर तसं सांगायचं. मी आपलं घेतलं असतं कर्ज काढून. तू एवढी गळ घातलीस म्हणून टेम्पो पाठवला मी."

"मी गळ घातली?"

तिनं जयराजकडे बघितलं. तो मोबाईलचं कव्हर काढत होता आणि पुन्हा बसवत होता.

"भाऊजी, कुणी सांगितलं तुमाला हे?"

"ह्यानंच. म्हणला, दीपमाला लय प्रेमानं देतीय, नको म्हणू नका."

"जाऊ दे आता," जयराज घाईनं म्हणाला. "झालं ते झालं. मामला मिटवायचा बघूया. आपण तिघं जाऊ लोणंदला. नवं कपाट पाठवलंच हाय दादानं. माफी मागायची, इषय खतम."

दीपमाला चहा करायला आत गेली. चहा उतू गेला तरी ती शेगडीजवळ उभीच होती. सव्वीस वर्षांच्या संसारात जयराजनं कधी हात उगारला नव्हता की तो दारू पिऊन आला नव्हता. बायका तिला नशीबवान म्हणत. त्यानं हे केलं ते रागानं केलं नव्हतं, वाईट हेतूनंही नाही. भावापुढं खाली मान घालायची वेळ आली तेव्हा तिचं नाव सगळ्यांत जवळ होतं, म्हणून ते घेतलं होतं.

मिरजेहून सकाळची गाडी धरून तिघं लोणंदला उतरले.

विहीणबाईंनी नीट बसवलं. नवं स्टीलचं कपाट बाहेरच्याच खोलीत ठेवलं होतं, त्यावरचं प्लास्टिकही अजून काढलं नव्हतं.

"आमी काय मागितलं न्हवतं," विहीणबाई म्हणाल्या. "पण फसवाफसवी नको हुती. चार माणसांत मी सांगत फिरले, शोरूमचं हाय म्हणून. माझी काय किंमत ऱ्हायली?"

"चुकलंच," जयराज हात जोडून म्हणाला. "आता बायकांची हौस, काय सांगायचं तुमाला. हिनंच हट्ट धरला. मी म्हणलं हुतं, लोक काय म्हणतील."

सगळ्यांच्या नजरा दीपमालावर आल्या. स्वयंपाकघराच्या दारात शिवांजली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चार महिन्यांत तिची गालफडं बसली होती.

"काकींनी न्हाई दिलं," ती म्हणाली. आवाज जेमतेम फुटला. "काकींना तर—"

"मीच दिलं," दीपमाला मोठ्यानं म्हणाली. "लाकूड चांगलं वाटलं म्हणून दिलं. चुकलं माझं. पोरीला त्यातलं कायबी ठावं न्हवतं, तिला बोलू नका."

शिवांजली तिच्याकडे बघत राहिली. दीपमालानं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. हिला इथं राहायचं होतं. चुलत्यानं काकीला न विचारता कपाट दिलं आणि वर खोटं बोलला, हे हिच्याच तोंडून बाहेर पडलं असतं, तर उद्यापासून घरात बोलायला आणखी एक निमित्त झालं असतं.

"बरं, चहा घ्या," विहीणबाई म्हणाल्या. बाईनं चूक कबूल केली, म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल पडला होता.

नानासोनं सुटकेचा श्वास टाकला. चहा घेता घेता त्यानंच विचारलं, "मग ते जुनं आमी परत न्यायची येवस्था करू का?"

"ऱ्हाऊ दे की," विहीणबाई सहज म्हणाल्या. "मिस्त्री म्हणतोय, अस्सल सागवान हाय. असलं लाकूड आता बघायला मिळत न्हाई. रंग खरवडून पॉलिश करून घेतोय. देवघराच्या खोलीत ठीवू."

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. जयराजनं तर मान डोलावली. "व्हय, व्हय. लाकूड एक नंबर हाय."

दीपमालानं अर्धा कप चहा खाली ठेवला आणि हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेली.

कपाट तिथं दोन विटांवर आडवं घातलेलं होतं. आरसा काढून भिंतीला टेकवला होता. एक दार साफ उघडं पडलं होतं, दुसऱ्यावर अजून मोरपंखी होता. पन्नाशीचा एक माणूस घामाघूम होऊन ते दार घासत होता. खाली जमिनीवर निळ्या-हिरव्या भुकटीचा ढीग साचला होता.

"भाऊसो, पाणी देऊ का?" आतून कुणीतरी विचारलं.

"नको," तो ओरडला आणि दीपमालाला बघून थांबला. "वाईच बाजूला ऱ्हावा ताई, लुगड्यावर उडंल."

तो आडवा घासत होता. उघड्या पडलेल्या सागावर पांढरे ओरखडे उठले होते. ते तिला बघवेना.

"उभं घासा," ती म्हणाली. "लाकडाच्या रेषंनं. आडव्या घासलेल्या रेघा पॉलिशखालनं दिसत्यात."

"उभं केलं तर उरकायचं कवा?" भाऊसोनं कपाळ पुसलं. "दोन दिस झालं हितंच हाय मी. निघंना झालाय. कुणी मारलाय कुणास ठाऊक, पण लय पक्कं काम हाय. आजवर असलं बघितलं न्हाई."

"मी मारलाय," दीपमाला म्हणाली.

भाऊसोनं तिच्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. तिनं पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि हात पुढं केला. त्यानं पॉलिश पेपर तिच्या हातात दिला.

तिनं दाराच्या वरच्या कडेपासून सुरुवात केली. हात सरळ खाली आला, पुन्हा वर गेला. रंगाचा पहिला हात निघाला, दुसरा निघाला. सगळ्यांत खालच्या तिसऱ्याला वेळ लागला, कारण तो तिनं प्रायमर पुरता वाळू देऊन दिला होता. मग खालून तांबूस लाकूड दिसायला लागलं, एकही ओरखडा नसलेलं.

"दीपमाला!" घरातून जयराजची हाक आली. "काय करतीस तिथं? गाडीची येळ झाली."

भाऊसो उठून उभा राहिला. ती उठली नाही. तिनं धरलेल्या पट्टीची खालची वीतभर जागा राहिली होती, तेवढी ती घासत राहिली.