घड्याळजींच्या घरी गेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, उंच पाठीची लाकडी खुर्ची आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्याच एका सुताराने मला घडवले आणि नव्या प्रार्थनामंदिराला भेट दिले. माझ्यात एकही खिळा नाही, हे तो प्रत्येकाला दोनदा सांगे. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी बसावे म्हणून मला व्यासपीठावर ठेवले. लोक मला सिंहासन म्हणू लागले आणि खरे सांगते, मी जराशी शेफारलेच.

पुढे म्हातारे पाळक निवृत्त झाले. नवे येईपर्यंत मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन माझ्यावर बसू लागले. त्यांत हेडसर मुख्य. त्यांचे आयुष्य शाळेत गेले होते, त्यामुळे उपासनेतही ते हजेरी घेतल्यासारखे सगळ्यांकडे पाहत. मनाने वाईट नव्हते. पण माझ्यावर बसले की त्यांचा आवाज आपोआप चढे.

नवे पाळक तरुण आणि उंचीने बेताचे. माझ्यावर बसले तर त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. ते हसले आणि पहिल्या बाकावर लोकांमध्ये जाऊन बसले. मी हेडसरांकडेच राहिले.

एका शनिवारी वडीलजनांची सभा भरली. घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. ते पाच महिने उपासनेला आले नव्हते. दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. तेव्हा त्यांचे नाव मंडळीच्या यादीतून काढावे, असे हेडसरांनी मांडले. तसा अधिकार ख्रिस्तानेच मंडळीला दिला आहे, असेही ते म्हणाले. गिरणीवाले काका मान डोलावून मोकळे झाले.

पाळक म्हणाले, "अधिकार त्याचा आहे, हे खरंय. मग तो वापरायचा कसा, हेही त्यालाच विचारायला हवं. त्याने सांगितलंय, आधी एकट्याने आपल्या भावाकडे जा. सर, आपल्यातलं कोण गेलं होतं?"

कोणीच गेले नव्हते. आपणही गेलो नाही, हे पाळकांनी स्वतःच कबूल केले. हेडसरांची बोटे माझ्या हातांवर आवळली गेली. मला वाटले, आता भडका उडणार. पण ते उठले, छत्री घेतली आणि एकटेच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर ते हातगाडी घेऊन आले आणि त्यांनी पाळकांना सगळे सांगितले. घड्याळजींच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, अर्धांगवायू झाला होता. तिला सोडून त्यांना उठता येत नव्हते. पत्रे तशीच बंद पडून होती. डॉक्टरांनी तिला रोज बसवायला सांगितले होते, पण टेकायला पाठ आणि धरायला हात असलेले घरात काहीच नव्हते. एवढे सांगून हेडसरांनी मला गाडीवर चढवले. बाजारातून ते स्वतः गाडी ढकलत होते आणि त्यांचे जुने विद्यार्थी टकामका पाहत होते.

घड्याळजींच्या खोलीत वीसेक घड्याळे होती आणि प्रत्येकात निराळी वेळ. मला खाली ठेवून हेडसर म्हणाले, "मी न विचारता तुमचं नाव कापायला निघालो होतो. मला माफ करा."

"आधी हिला त्या बाजूने धरा, सर," घड्याळजी म्हणाले. "मग बोलू."

दोघांनी मिळून वहिनींना उचलले आणि माझ्यावर बसवले. पाच महिन्यांनी त्यांनी खिडकीतून रस्ता पाहिला. बराच वेळ पाहिला. मग जड जिभेने विचारले, "समोरच्यांनी दार हिरवं केलं?"

हेडसर हो म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर त्या घरी पाळ्या लागल्या. गिरणीवाल्या काकू दोन दिवस येत, तेव्हा घड्याळजी दुकान उघडत. पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घरी घेऊन येत. हेडसर रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवत. एकदा वहिनी त्यांना म्हणाल्या, "सर, मी आजारी आहे, बहिरी नाही." तेव्हापासून त्यांचा आवाज खाली आला, तो सभेतसुद्धा.

वर्षभराने वहिनी माझे हात धरून उभ्या राहिल्या. पुढे काठी टेकत उपासनेलाही गेल्या. मला परत न्यायची वेळ आली, तेव्हा हेडसरच म्हणाले की पोस्टमनच्या वडिलांचे हाड मोडले आहे, तिकडे नेऊ. अशी मी आजवर अकरा घरे फिरले. व्यासपीठावर मिरवत होते, त्यापेक्षा आता सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी बरेच दिवस दिसले नाही, तर यादी काढण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाऊन या. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या खुर्चीवर अधूनमधून तेलाचा हात फिरवा; मला अजून पुष्कळ काम आहे. सध्या मी एका आजोबांकडे आहे. ते आत्ता माझ्यावरच डुलकी घेत आहेत, म्हणून तुम्हाला हे सगळे हळू आवाजात सांगितले.