झाकणावरचा कागद

माझ्या हाताखालून गेलेल्या वस्तूवर डाग राहिलाय, असं सोलापुरात कुणी दाखवून द्यावं, अशी मला घमेंड होती. आज ते सांगताना लाज वाटते, पण होती ती होती.

पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करणं हा माझा धंदा. सन एकतीसच्या उन्हाळ्यात शरणप्पा नावाचा एक माणूस पेटी घेऊन दुकानात आला. याआधी मी ना त्याला पाहिलं होतं, ना त्या पेटीला. पेटी सागवानी, सूर गोड. झाकणाच्या आतल्या बाजूला वीतभर कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईनं कानडीत चार ओळी लिहिल्या होत्या. मला बालबोध वाचता येतं. कानडी अक्षरं माझ्या लेखी नुसती वेटोळी.

"येवडा कागद काडून टाका, मिस्तरी," शरणप्पा म्हणाला.

"काय लिवलंय त्यावर?"

"काय न्हाय. जुन्या नाटक कंपनीचं नाव हाय."

मी मान डोलावली आणि कामाला लागलो. कागद घरच्या खळीनं लावलेला नव्हता. गिरणीत सूत ताठ करायला चरबी घातलेली खळ वापरतात, ती होती. ती नुसत्या पाण्याला कसली दाद देते! कागद तुकड्या-तुकड्यानं निघाला, ते तुकडे मी भुशाबरोबर चुलीत टाकले. खाली पिवळट चिकट थर उरला, बोट लावलं की बोट धरून ठेवणारा. त्यावर कोमट पाण्याचा फडका ठेवून तो मऊ केला आणि बांबूच्या कामटीनं हळूहळू खरवडला. लोखंड लावलं असतं तर पॉलिश ओरबाडलं असतं. चरबी घासलेटच्या बोळ्यानं उतरवली. दोन दिवस गेले. चिकटपणा पार गेला, पण कागद होता तिथलं पॉलिश मरून पांढुरका चौकोन पडला होता.

शरणप्पा आला, पाहिलं आणि म्हणाला, "झालं की. द्या हिकडं."

"डाग राहिलाय."

"ऱ्हाऊ द्या. आतल्या बाजूला कोण बगतंय?"

मला रागच आला. हा कोण मला काम शिकवणार! म्हटलं, "माज्या दुकानातनं अशी वस्तू जात न्हाई. परवा या."

मग मी तो चौकोन काचपेपरनं घासला, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीच्या फडक्यानं हातावर हात चढवले, रंग जुळेना तेव्हा काव मिसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात धरून पाहिलं, तर डाग कुठं होता ते माझं मलाच सापडेना. मी किती खूश झालो म्हणून सांगू! बायकोला हाक मारून दाखवलं.

आठ दिवसांनी एक बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. कपाळ मोकळं, श्वास जरा लागलेला. शरणप्पाची धाकटी भावजय, शिवबाई.

"झाकणाच्या आत कागद हुता का, मिस्तरी? खरं सांगा."

"व्हय. मीच काडला की."

ती पायरीवर बसली. तिचा नवरा रुद्रप्पा दिवसा गिरणीच्या खळ खात्यात होता आणि संध्याकाळी मुक्या सिनेमाच्या तंबूत पेटी वाजवायचा. त्यानं बायकोला वाजवायला शिकवलं. तीन वर्षं व्यापाऱ्यांच्या मुली तिच्याकडे शिकायला येत होत्या. बघायला पाहुणे आले की एखादं पद म्हणता यावं म्हणून. शिमग्याच्या सुमारास रुद्रप्पा तापानं गेला. घरात माणसांची ये-जा आहे, पेटी सांभाळून ठेवतो, म्हणून शरणप्पानं ती नेली. आता तो म्हणत होता, पेटी माझीच, भावाला वाजवायला दिली होती.

"कागदावर त्येंनी लिवलं हुतं," ती म्हणाली, "ही पेटी शिवबाईची, घरातल्या दुसऱ्या कुनाचा हिच्यावर हक्क न्हाय. खाली सही. कागद मुलींनी बगितलाय, पर पोरींना पंचांम्होरं कोन आणू देतंय? पेटी गेली तर मला रीळ खात्यात जावं लागंल. मला दमा हाय, मिस्तरी. त्या कापसाच्या धुरळ्यात मी कशी जगू?"

म्हटलं, "अक्का, काळजी सोडा. मी सांगतो की पंचांम्होरं." मला वाटलं, खरं बोललं की काम भागलं.

पंच बसले ते ईरप्पांच्या कापडदुकानात. ईरप्पा म्हातारे, सरळ माणूस, कुणाचं मिंधेपण नसलेले. मी सगळं सांगितलं. शरणप्पा म्हणाला, "कागद कसला? मी फकस्त पॉलिश करून आणली."

ईरप्पांनी झाकण उन्हात धरलं, नखानं चाचपलं, वासही घेतला. बराच वेळ घेतला त्यांनी.

"चाळीस वरसं कापड बगतोय मी," ते म्हणाले. "गिरणीची खळ लागली की जागा कळतीच. दहा धुण्यांत जात न्हाई. हितं कायबी न्हाय. कागद असता तर डाग असता की."

"डाग मी काडला!" मी ओरडलो.

"इतका? येवडंसं सुदीक न ठेवता?"

मी धावत दुकानात गेलो, स्पिरिटची बाटली आणि फडका घेऊन आलो. माझं पॉलिश उतरलं की खालचा चौकोन दिसेल, अशी आशा होती. चोळलं. लाकूड फिकं झालं. कडा सापडेना म्हणून आणखी चोळलं, तर फिकटपणा पसरतच गेला. ईरप्पांनी माझा हात धरला.

"तुमी जितं पुसाल तितं फिकं पडणारच. परक्याची वस्तू कशाला नासता?"

तेव्हा शरणप्पा शांतपणे बोलला, "रांडमुंड बाईसाटी परका मिस्तरी येवडा घाम गाळतोय, ह्याचा इचार करा म्हंजे झालं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे एकदम माझ्याकडे, मग तिच्याकडे बघायला लागले. शिवबाईनं पदर ओढून घेतला. पेटी शरणप्पाला मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातली एक पेटी खांद्यावर टाकून तिच्या गल्लीत गेलो. ती उंबऱ्यात उभी होती, नाकातोंडाला फडकं बांधत. तिनं मला आत येऊ दिलं नाही.

"मुलींच्या घरनं निरोप आले काल," ती म्हणाली. "आता कोन येणार न्हाई."

"पेटी तरी घ्या, अक्का. आज ना उद्या येतील."

"तुमची पेटी माज्या घरात वाजली, की शरणप्पाचं खरं ठरंल." शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या होत्या. "तुमी खोटं बोलला न्हाई, मला ठावं हाय. लई चांगलं काम केलंसा. आता सरका, भोंगा झाला."

मी सरकलो. ती गिरणीच्या रस्त्याला लागली. पेटी मी तशीच परत आणली.

तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो. आत माणसं जमलेली दिसत होती. मला तिला खांदा द्यायचा होता, हे मी आज उघड सांगतो. पण मी पुढं झालो असतो तर ती गेल्यावरही लोक तेच बोलले असते, म्हणून भिंतीआड थांबलो आणि सगळे निघून गेल्यावर घरी आलो.