काळतोंडी न्हाय आली

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी सहा वर्षं तपासणीला आहे. टेबलावरून टॉवेल सरकत जातात आणि खराब टॉवेलवर माझा हात आपोआप पडतो. कसा, ते विचारू नका. मलाच माहीत नाही.

आणि साहेबांनी नेमकं मलाच तपासणीची प्रमुख केलं! सोमवारपासून नव्या सहा मुलींना शिकवायचं, असा हुकूम. शिकवायचं काय, कपाळ? शेजारच्या टेबलावरची डिप्लोमा झालेली पायल भिंगातून धागे मोजते, पट्टी लावते. माझा सगळा अंदाजपंचे कारभार. सहा वर्षं नशिबानं झाकली मूठ राहिली, आता सोमवारी पितळ उघडं पडणार, या भीतीनं मला जेवण जाईना. शेवटी 'हे पद नको' असा अर्ज लिहिला, पर्समध्ये टाकला आणि रविवारी सांगोल्याकडं माहेरी गेले.

दिवस मावळताना माझ्या वडिलांची, आबांची मेंढरं वाड्यात शिरत होती, चांगली शंभर-सव्वाशे. आबांनी एकदाच नजर फिरवली.

"काळतोंडी न्हाय आली," म्हणाले.

ओढ्याकाठी बाभळीच्या काट्यात ती अडकलेली सापडली. परतताना मी विचारलं, न मोजता कसं कळलं?

"रोज बघतो की. मोजायचं कशाला?"

"आन चुकलं तर?"

"चुकतंय की. मागल्या साली दोन गेली, मला पत्ताच न्हाय." काळतोंडीच्या लोकरीतला काटा काढत ते म्हणाले, "म्हणून काय मी मेंढका न्हाय व्हय?"

मला आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. "काटा लागला व्हय?" म्हणत आबांनी ते काट्यावर ढकललं.

सोमवारी मी मुलींच्या हातात आधी नुसते चांगले टॉवेल दिले. दिवसभर बघा, हात फिरवा, म्हटलं. पायलची पट्टी उद्या. टेबल डुगडुगत होतं, म्हणून अर्जाची घडी त्याच्या पायाखाली सारली.

चार वाजता साहेब येऊन उभे राहिले. तेवढ्यात ऋतुजा नावाच्या नव्या पोरीनं मी पास केलेला टॉवेल उचलला. भीत भीत म्हणाली, "मॅडम, याचा काठ तिरका हाय."

खरंच तिरका होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, साहेबसुद्धा.

"चुकलं की माझं," मी म्हटलं. "ऋतुजा, लई भारी. आता पुढचा घे."