दोरीपलीकडचा घास

माहितीपत्रकावर सूर्यास्त होता, तंबू होते, एक ढोलवाला होता आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, ते एक वाक्य होतं. जर्मन कागद मी तळापासून वर वाचते. सहा वर्षांची सवय आहे.

"श्रीधर, इथे लिहिलंय, वाळूत जुना दारूगोळा आहे."

"वाटेवर नाहीये गं. त्यांनी एक पट्टा साफ केलाय, तिथेच बसवतात. जर्मन लोक आहेत, उगाच नेतील का?"

बर्लिनच्या दक्षिणेला, गाडीनं दीड तासावर, पाईनच्या जंगलात मधोमध एक वाळवंट आहे. रशियन रणगाड्यांनी वर्षानुवर्षं सराव करून जमिनीवर उगवलेलं सगळं खरवडून काढलं आणि नुसती वाळू उरली. सैन्य गेलं. न फुटलेले गोळे राहिले. आता शनिवारी संध्याकाळी तिथे लोकांना सूर्यास्त दाखवतात, जेवायला घालतात, नाचगाणं करतात. सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि "बर्लिनला त्या भिंतीशिवाय काही आहे का?" असं विचारत होत्या. म्हणून ब्राउनश्वाइगहून आम्ही शनिवार-रविवारसाठी निघालो.

"आईला त्या गोळ्यांचं बोलू नकोस," श्रीधर म्हणाला. "बीपी वाढवून घेईल."

मी मान डोलावली. आमच्याकडे आईंना न सांगायच्या गोष्टींची एक यादीच आहे. फेब्रुवारीत अन्वीला तापात फिट आली होती, ते सांगितलेलं नाही. आम्ही जर्मन पासपोर्टसाठी अर्ज केलाय, ते सांगितलेलं नाही. आई रोज जेवायला बसताना पानातला पहिला घास बाजूला काढतात आणि अन्वी तो पाखरांसाठी बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून येते. त्यावरून हाउसफेरवाल्टुंगचं, म्हणजे आमच्या बिल्डिंगवाल्यांचं, कबुतरांना खाऊ घालू नये असं दोन पानी पत्र आलं होतं. तेही मी मायक्रोवेव्हच्या मागे सरकवून ठेवलंय.

फ्राउ क्रूगर नावाची गाईड होती. साठीची, दणकट, गळ्यात शिट्टी. तंबूंच्या भोवती लाल-पांढऱ्या पट्टीची दोरी बांधलेली होती. ती हातात धरून तिनं सगळ्यांना सांगितलं: या दोरीच्या पलीकडे कोणीही, कशासाठीही, एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. गेल्याच वर्षी एका कोल्ह्याचा... पुढचं वाक्य तिनं लहान मुलांकडे बघून गिळलं.

"काय म्हणतेय?" आईंनी विचारलं.

"दोरीच्या पलीकडे जायचं नाही म्हणतेय," श्रीधर म्हणाला.

"का?"

"असंच. नियम आहे."

"यांचं बाई सगळ्यालाच नियम," आई म्हणाल्या. "रविवारी बाटल्या टाकायच्या नाहीत, दुपारी खिळा ठोकायचा नाही. आता वाळूवर चालायचं नाही."

त्या हसल्या, मीही हसले. मग अन्वीसमोर उकिडवी बसून मी तिला तीनदा सांगितलं. दोरी. नाही. कळलं? "या-या, मामा," ती म्हणाली, म्हणजे हो-हो, आई. साडेचार वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. माझं 'नाही' ती दिवसाला पन्नासदा ऐकते. एव्हाना तिला ते फ्रिजच्या घरघरीसारखं झालंय.

सात वाजता पानं वाढली. भोपळ्याचं सूप, भाकरीसारखा जाड पाव, काबुली चणे आणि कुसकुस. "म्हणजे सांजाच की, साखर विसरलेला," आई म्हणाल्या. बाहेरच्या थाळ्यांवर त्यांचा विश्वास नाही. पर्समधून त्यांनी स्वतःची स्टीलची ताटली आणि चमचा काढला. ढोल सुरू झाला. रान कोरडं म्हणून आगीच्या नाचाला बंदी होती. त्याऐवजी एक मुलगी दिव्यांच्या कड्या फिरवत नाचत होती आणि तिच्या मागे सूर्य लाल होत खाली येत होता. सगळे फोन वर धरून बघत होते.

मी तेव्हा फ्राउ क्रूगरला विचारत होते की इथून सगळ्यात जवळचं हॉस्पिटल किती लांब आहे. पस्तीस मिनिटं, ती म्हणाली. वळून बघितलं तर अन्वीची खुर्ची रिकामी होती.

"आई, अन्वी कुठंय?"

"घास ठेवायला गेलीय ना. इथे मेला पक्षी कुठला दिसत नव्हता. तिनं बोटानं तिकडचं झाड दाखवलं. म्हटलं, जा, ठेवून ये."

त्यांनी चमच्यानं दाखवलं. दोरीच्या पलीकडे.

ती तिच्या पावलांनी वीसेक पावलं आत होती. तिथे बर्चचं एक तुटकं खोड होतं, त्यावर ती टाचा उंचावून घास ठेवत होती. काळजीपूर्वक, चारी बोटांनी, अगदी आमच्या बाल्कनीत ठेवते तशी. पिवळं जॅकेट. मी दोरीला कधी पोचले ते मला आठवत नाही. इतकंच आठवतं की फ्राउ क्रूगरची शिट्टी वाजली, ढोल थांबला आणि ते सगळं वाळवंट एकदम गप्प झालं.

श्रीधरनं दोरी उचलली होती. फ्राउ क्रूगरनं त्याला शर्टाला धरून मागे ओढलं.

"नाही! तुमचं वजन किती? ऐंशी? आणि तिचं?"

"सोळा," मी म्हणाले. सोळा किलो दोनशे. परवाच केलं होतं.

"तिच्या वजनानं जे दबलं नाही ते तुमच्या वजनानं दबेल. तिला म्हणावं, आहेस तिथे उभी राहा. मी बॉम्बपथकाला फोन करते."

इतके लोक आपल्याकडे बघतायत हे पाहून अन्वी घाबरली. तिनं ओठ काढले. मग ती माझ्याकडे वळली आणि सरळ रेषेत, जवळच्या वाटेनं, एक पाय उचलला.

"थांब!"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. ती थांबली, पाय खाली टेकवला आणि मोठ्यांदा रडायला लागली. पाय टेकला तिथे काही झालं नाही. मी ते क्षण मोजले. काही झालं नाही.

"पथकाला पाऊण तास लागेल," फ्राउ क्रूगर फोन कानाशी धरून म्हणाली. "तिला बोलण्यात गुंतवा. हलू देऊ नका."

पाऊण तास. आमची मुलगी दात घासायला दोन मिनिटं एका जागी उभी राहत नाही. सूर्य पाईनच्या शेंड्यांना टेकला होता. अंधार पडला की ती माझ्याकडे धावत येणार, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आणि मग मला वाळू दिसली. आडव्या उन्हात तिची जातानाची पावलं एकेक उठून दिसत होती, प्रत्येक खळग्यात काळी सावली. ती सरळ गेलीच नव्हती. आधी डावीकडे, मग जांभळ्या झुडपाला वळसा, मग खोडाकडे. त्या पावलांवरून ती जिवंत गेली होती. तेवढी एकच जमीन आम्हाला माहीत होती आणि ती अजून दहा मिनिटं दिसणार होती.

"तिला पावलांवरून परत आणू या," मी म्हणाले.

"उभी राहू दे, हेच नियमात—"

"ती उभी राहणार नाही! मी आई आहे तिची!" मग मी ओरडले, "अन्वी, तुझ्या पावलांवर पाय ठेव, बेटा, सांभाळून, इकडे तिकडे नाही हं, नाही, तिथे नाही!"

"नाइन!" ती रडत ओरडली, तिचं 'नाही', आणि पाय आपटला. वाळूवर. आपटला.

आई माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या. हातात ताटली तशीच.

"अगं, एवढं काय झालंय? ये म्हण की तिला. रागावतायत का ते?"

मी श्रीधरकडे बघितलं. तो मान हलवत होता, नको, नको. अजूनही.

"अहो आई," मी म्हणाले, "वाळूखाली बॉम्ब आहेत. सैन्याचे, न फुटलेले. दोरी त्यासाठी आहे. आम्हाला माहीत होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता खाली बसतील. त्या बसल्या नाहीत. त्यांनी वाळूकडे बघितलं, त्या वळणावळणाच्या पावलांकडे, मग अन्वीकडे.

"पावलांवरून आली तर चालेल?"

"तेवढंच चालेल."

"मग तू आता गप्प राहा. तुझा आवाज कापतोय, तो तिला कळतो. ती काय बोलते तेवढं मला सांग."

चारच दिवसांपूर्वी आमच्याकडे गौरी आल्या होत्या. आईंनी मूठ तांदळाच्या पिठात बुडवून दारापासून हॉलपर्यंत पावलं काढली होती आणि अन्वी एकही पाऊल न चुकवता त्यांवरून चालली होती. पुढे आई ताटलीवर चमचा वाजवत. एका ठोक्याला एक पाऊल. नंतर रात्री झोपेपर्यंत तिनं तोच खेळ खेळायला लावला होता.

आईंनी ताटली वर धरली आणि चमचा वाजवला. टण्.

अन्वीचं रडणं अडखळलं.

"अगंबाई," आई मोठ्यानं, अगदी हॉलमधल्या आवाजात म्हणाल्या, "गौर तर इथे बाहेरच राहिली! कशाच्या पावलांनी येणार गं गौर?"

नाक ओढल्याचा आवाज. श्रीधरनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे चार निळे डाग होते.

"कशाच्या पावलांनी?" टण्.

"सोन्याच्या," अन्वी म्हणाली. मराठीत.

"मग टाक बघू. आधी खोडापाशी जा, तिथलं पहिलं. ठोका वाजला की एक."

तिनं खाली बघितलं. काहीतरी जर्मनमध्ये पुटपुटली.

"पावलं उलटी आहेत म्हणतेय," मी म्हणाले. "जाणारी आहेत, येणारी नाहीत."

"परत येणाऱ्या गौरीची उलटीच असतात!" आईंनी क्षणभरही विचार केला नाही. "तिला घाई असते ना घरी यायची. टाचेवर बोटं, बोटांवर टाच. टण्!"

एक. टण्. दोन. पिवळं जॅकेट हललं. ढोलवाला ढोलावर दोन्ही तळवे दाबून उभा होता, त्यातून आवाज निघू नये म्हणून. टण्. सात. आठ. कोणीतरी फोनवर चित्रण करत होतं; फ्राउ क्रूगरनं न बघताच त्याचा हात खाली केला. बारा. जांभळं झुडूप.

अन्वी थांबली.

"नाहीये," ती म्हणाली. "इस्ट वेक."

"पाऊल दिसत नाही तिला," मी म्हणाले. मलाही दिसत नव्हतं. झुडपाजवळ वाळू कडक होती आणि सूर्याची आता फक्त वरची कड उरली होती.

आई चमचा वाजवायच्या थांबल्या नाहीत, फक्त सावकाश केला. "गौर जरा दमलीय. उभी राहील हं ती. पाणी पिईल."

मी पोटावर आडवी झाले. गाल वाळूला टेकवला. एक डोळा मिटला. खालून बघितलं तेव्हा दिसलं: झुडपाच्या अलीकडे, तिच्या उजव्या हाताला, बशीएवढी फिकट सावली. आणि तिच्यापुढे आणखी एक.

"उजवीकडे," मी कुजबुजले. "तिचा जेवायचा हात. छोटं पाऊल. एक वीतभर."

"जेवायच्या हाताकडे, गौराई," आई म्हणाल्या. "चिमुकलं एक पाऊल, मुंगीचं. टण्."

तिनं पाय टाकला. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते, पण मला जमत नाही.

त्यानंतरची अकरा. शेवटच्या पावलाला श्रीधरनं दोरीवरून हात लांब करून तिला उचललं आणि ती माझ्या अंगावर आली. वाळूनं भरलेली, चण्यांचा वास येणारी. मी तिचे पाय चाचपत होते, बोटं मोजत होते. सूर्य गेला होता. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, दोघातिघांनी साथ दिली, मग त्यांनाच अवघड वाटून थांबले. फ्राउ क्रूगर खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास धरून प्यायली.

"मी नीट ठेवला, आजी," अन्वी आईंना जर्मनमध्ये म्हणाली. "अगदी वर. पक्ष्यांना दिसेल असा."

मी ते मराठीत सांगितलं. आईंनी मान हलवली, ताटली पदरानं पुसली आणि पर्समध्ये ठेवली. जेवल्या नाहीत.

गाडीत अन्वी तिच्या सीटमध्ये पट्ट्यासकट झोपली. आई शेजारी बसल्या होत्या. तिचं एक पाऊल बुटातून काढून त्यांनी हातात धरलं होतं. जंगल संपलं तेव्हा त्या म्हणाल्या,

"दोरी कशासाठी आहे ते तुला माहीत होतं, स्वरूपा."

"हो, आई."

"आई, मीच तिला म्हटलं, सांगू नकोस—" श्रीधर म्हणाला.

"तू गाडी चालव." मग त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं, गवतावर चालू नका, त्यातलंच काहीतरी असेल. मी तिला पाठवलं. ह्या हातानं घास काढून दिला आणि जा म्हटलं." त्यांनी त्या पावलावरची वाळू अंगठ्यानं पुसली. "बीपीची गोळी मी रोज घेते. ती कशासाठी घेते असं वाटतं तुम्हाला?"

त्या पुढे झुकल्या.

"अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

श्रीधरनं आरशात बघितलं. "आई, हॉटेलवर पोचल्यावर शांतपणे—"

"आत्ता."

मी पट्टा सैल केला आणि सीटवर मागे वळून बसले. समोरच्या गाड्यांचे दिवे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत होते. सोप्यापासून सुरुवात करावी, कबुतरांच्या पत्रापासून, असं मनात आलं. पण त्या पावलाकडे बघून ते जमेना.

"फेब्रुवारीत अन्वीला तापात फिट आली होती," मी म्हणाले. "चार मिनिटं. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. तुम्हाला सांगितलं होतं की फोन बिघडलाय."

आईंनी अन्वीच्या कपाळाला हात लावून बघितला. पाऊल मात्र त्यांनी सोडलं नाही.

"पुढे," त्या म्हणाल्या.