तीन विभागांचा संगम

"चपला बाहेर काढा. आत कंपुटर हाये."

१९८६ सालच्या हिवाळ्यात हिंगणीकडच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका सहकारी जिनिंगच्या दारात प्रेमदास असं सांगायचा, आणि लोक मुकाट्यानं काढायचे. यंत्राच्या पडद्याला कुंकू लागलेलं, वर झेंडूचा हार. कुसुमबाईंनी तर उशिरा बोलू लागलेल्या नातवाला आणून यंत्राच्या पाया पाडलं. पाय सापडेनात, म्हणून टेबलाच्या.

"तीन नद्या, एक संगम," यंत्र चालवायला नागपूरहून आलेला प्रेमदास डोळे मिटून म्हणायचा. "काटा, आवार, जिन. भेद माणसात हाये. यंत्र के सामने सब एक."

नद्यांचं म्हणणं असं.

काटा: कापूस आला हजार क्विंटल.

जिन: रुई, सरकी, कचरा मिळून नऊशे चाळीस.

आवार: (आवाराला तोंड नाही. तिथं कापसाच्या गंज्या राखणारा रामाजी आहे.) "म्या बोंडसुद्धा नाई उचललं."

वर्षानुवर्षं हे तीन विभाग आमसभेत भांडत. यंदा अध्यक्ष मनोहररावांना एकच अहवाल हवा होता, फरक शून्य. यंत्रानं कर्रकर्र करत कागद ओकला:

मेळ पूर्ण. आवारात तूट साठ. जबाबदार: रामाजी.

"यंत्रानं चोर धरला," गाडीवाले महादेवराव सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले. उद्या रामाजीला पोलिसात द्यायचं ठरलं. तो चपला हातात धरून उभा होता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कोकिळाबाई गर्दीतून पुढे आल्या.

"प्रेमदासजी, माझाही मेळ बसवा. काट्यावर आले दहा. जिनात गेले दोन."

"काय दहा, बाई?"

"यंत्राले सगळे एक. तुम्हीच म्हणता ना?"

कर्रकर्र. मेळ पूर्ण. आवारात तूट आठ. जबाबदार: रामाजी.

"आले होते हत्ती," बाई म्हणाल्या. "जिनात गेल्या म्हशी. रामाजी, आठ हत्ती कुठी लपवले, धोतरात?"

कुसुमबाई आधी हसल्या. मग नातू.

प्रेमदासनं रुमाल काढला. "काट्यातून जिन वजा केली, उरलं ते आवाराच्या नावे. तसंच भरून ठेवलं हाये. साहेबाले शून्य पाह्यजे होतं."

"पण साठ क्विंटल गेले कुठी?" मनोहरराव चिडले. "ते का हत्ती हायेत?"

बाईंनी महादेवरावांच्या नुकत्याच आलेल्या गाडीतला टोपलंभर कापूस मागितला. सगळ्यांसमोर तोलला, चादरीवर उन्हात पसरला आणि रामाजीला मुद्दाम दूर पारावर, सगळ्यांना दिसेल असा बसवला. लोक शेंगा खात पहारा देत राहिले. दिवस कलल्यावर कापूस पुन्हा तोलला. वजन कमी भरलं.

"रामाजी तर तिकडंच होता. मग चोरलं कोनं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. काट्यावर येण्याआधी नाल्याजवळ गाडी थांबवून कापसावर बादलीनं पाणी शिंपडायचं, ही इथली रीतच. घरोघर चालायची, म्हणून तिला कोणी लबाडी म्हणत नसे. काटा ओला कापूस मोजी, जिन सुकलेला. मधलं पाणी आवारातून आभाळात जाई.

"मले काऊन पाह्यता?" महादेवराव म्हणाले. "सारेच पानी मारतात."

"सारेच मारता," बाई म्हणाल्या, "अन् चोर एकटा रामाजी."

मनोहररावांनी कागद फाडला.

वाचकहो, तीन विभागांचे आकडे एका कागदावर आणणं चांगलंच काम आहे. यंत्र ते झटक्यात करतं. पण आकडा आत घालण्याआधी तो कशाचा आहे आणि कोणी, कसा मोजला, हे विचारायचं काम आपलं. आणि मेळ अगदी बिनफरकाचा बसला, तर पाया पडू नका. फरक कोणाच्या माथी मारला, ते पाहा.

महादेवरावांनी घाईघाईनं गाडी जुंपली. रामाजीनं पायात चपला घातल्या आणि मागून हाक दिली.

"महादेवराव, बादली राह्यली तुमची."